आवाज बाराच्या वर नाही

दिल्लीच्या करोल बागेत जवळजवळ तीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांमध्ये वूफर बसवले. शेजारून एखादी गाडी गेली, तुमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या आणि तुम्ही आतल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात, असं कधी झालं असेल तर त्या पुण्यकर्मात माझाही वाटा असू शकतो. पण माझी बाजूही ऐकून घ्या. ज्या ज्या गाडीत मी वूफर बसवला, तिच्या मालकाला पहिला उपदेश केला तो आवाज कमी ठेवण्याचा. त्यापायी बाजारात माझं नाव ‘धीरेवाले अंकल’ पडलं होतं, आणि मला ते माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

आमचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो आणि घराची अपेक्षा अशी की मुलगा बाबांसारखाच सकाळी डबा घेऊन एखाद्या सरकारी भवनात जाईल. मी पडलो रेडिओ उघडून बघणारा. पुढे दुकान टाकलं तेव्हा कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, “इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे.” आई मात्र सरळ सांगायची, “भोंगे लावतो.” दोघांचंही खरं होतं.

आता वूफर म्हणजे काय ते सांगतो. गाणं ऐकताना बासरी, आवाज, पेटी हे छोट्या स्पीकरमधून छान येतं. पण डग्गा, ढोल, पखवाजाची डावी बाजू, हा जो खालचा, पोटात जाणवणारा नाद असतो, त्याला खूप हवा हलवावी लागते. ते काम वूफरचं. ताटाएवढा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या कडेला रबराची घडी आणि मागच्या बाजूला नालीदार कापडाची एक चकती, तिला आम्ही स्पायडर म्हणतो. या रबराच्या आणि कापडाच्या आधारावर कोन पुढेमागे हलतो. नवीन असताना हे दोन्ही ताठ असतात, नव्या कोऱ्या चपलेच्या अंगठ्यासारखे. सुरुवातीला मध्यम आवाजात रोज थोडं वाजवलं की ते हळूहळू मोकळे होतात आणि नाद खाली, खोल उतरतो. पहिल्याच दिवशी जोर केला तर आतली तारेची गुंडाळी तापून जळू शकते.

इंजिनिअर मंडळी म्हणतात की यासाठी एवढे दिवस लागत नाहीत, थोड्या वेळात काम होतं. त्यांचं बरोबर असेल. पण माझा पंधरवड्याचा नियम वूफरपेक्षा मालकासाठी जास्त होता. नवीन वूफर घेतलेल्या माणसाला शुद्धीवर यायला तेवढे दिवस लागतातच.

दुसरी गोष्ट ताकदीची. लोकांना वाटतं, वूफर गाडीतल्या टेपच्या मागच्या वायरीला जोडला की झालं. तसं केलं तर दिव्याच्या वायरीवर गिरणी चालवल्यासारखं होईल. त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो, आणि अँप्लिफायरला बॅटरीपासून थेट जाड वायर. बॅटरीजवळच फ्यूज, नाहीतर वायर कुठे घासली तर गाडी पेटेल. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं आणि तिथे नट आवळायचा. हे घासणं बघून गिऱ्हाइकाचा जीव कासावीस होतो. “अंकल, नई गाडी है!” असा आक्रोश मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही मी “दिखेगा नहीं जी” म्हणतो, असं बायको सांगते. शेवटी अँप्लिफायरवर एक छोटा स्क्रू असतो, गेनचा. वूफरला किती ताकद मिळायची ते त्यावर ठरतं. तो स्क्रू मी पहिल्या दिवशी कमीच ठेवायचो आणि टेपवरच्या आवाजाच्या आकड्याकडे बोट दाखवून बजावायचो, “बारह के ऊपर नहीं.”

हा नियम दिल्लीत कसा पाळला गेला असेल याची कल्पना तुम्हाला असेलच. लक्की नावाचा एक पंजाबी मुलगा होता, ट्रकवाल्यांच्या घरातला, स्वभावाने सोन्यासारखा. मी सांगत होतो तेव्हा प्रत्येक वाक्याला “बिल्कुल जी, बिल्कुल” म्हणत होता. पैसे दिले, पाया पडला, निघाला. माझा चहा संपायच्या आत परत.

“अंकल, इससे तो पकोडे जैसी खुशबू आ रही है.”

वास पकोड्यांचा नव्हता, जळालेल्या गुंडाळीचा होता.

“कितने पे रखा था?”

“अंकल, थोडा ही बढाया था. दोस्त मिल गए थे रेड लाईट पे.”

दिल्लीत कुठलाही नियम दोस्त भेटेपर्यंतच टिकतो. लक्कीने दुसरा वूफर घेतला, आणि या वेळी मी त्याच्या आईला दुकानात बोलावून नियम सांगितला. तो वूफर इतका सुंदर मोकळा झाला की पुढे मी नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून लक्कीचीच गाडी ऐकवायचो. तोही कौतुकाने आणून उभी करायचा.

आणि त्या गाडीपाशीच साळवेकाकांची गोष्ट सुरू झाली.

डॅनियल साळवे मूळचे नगरचे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये तबला-पेटीवर भजनं म्हणायची जुनी रीत आहे आणि काका त्यात लहानपणापासून मुरलेले. दिल्लीत ते रेल्वेच्या ऑफिसात होते. काकू केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, ही गोष्ट घडली तेव्हा अजून नोकरीत होत्या आणि लक्ष्मीबाई नगरलाच राहत होत्या. काकू गायच्या, काका साथ करायचे. चर्चमध्ये ख्रिस्ताची भजनं आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अभंग, दोन्हीकडे हीच जोडी. मी शाळेत असताना त्या मंडपात सतरंजीवर पुढे बसून काकांचा डावा हात बघत राहायचो. डग्ग्यावर तळहाताची कड दाबून ते असा घुमारा काढायचे की समोरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी हलायचं. खालच्या नादाचं वेड मला तिथेच लागलं, वूफर नंतर आला.

निवृत्तीनंतर काकांचे कान गेले. हळूहळू गेले, पण गेले. कानातलं मशीन आणलं, त्याने बोलणं थोडंफार समजायचं, पण तबला म्हणजे नुसता पत्रा. “मशीनमधून डग्गा येतच नाही,” ते म्हणाले, “आणि डग्गा नसेल तर वाजवायचं कशाला?” त्यांनी तबला-डग्गा जुन्या चादरीत बांधून कपाटावर ठेवला. त्याबरोबर काकूंचं गाणंही बंद झालं. मंडळाने दुसरे साथीदार देऊ केले, तर काकू म्हणाल्या, “इतकी वर्षं एकाच ठेक्यावर गायलेय. आता दुसऱ्याच्या ठेक्यावर माझा आवाजच उठत नाही.” एका माणसाचे कान गेले आणि घरात दोन माणसं गप्प झाली.

मग एका वर्षी दिवाळीच्या थोडं आधी काकू त्यांची जुनी पांढरी मारुती घेऊन दुकानात आल्या. गाडी त्याच चालवायच्या. टेपमध्ये कॅसेट अडकली होती, एवढंच काम. काका उतरून शेजारी उभ्या असलेल्या लक्कीच्या गाडीच्या डिक्कीला टेकले. माझ्या सांगण्यावरून लक्की दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला वूफर ऐकवत होता, कुठलंसं भांगड्याचं गाणं लावून. मी कॅसेट काढण्यात गुंतलो होतो. काकूंनी माझ्या खांद्याला हात लावला.

“मोहन, ते बघ.”

काकांची बोटं डिक्कीवर चालत होती. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी, आणि डाव्या हाताची कड पत्र्यावर दाबून ते अगदी ठेक्यात वाजवत होते. कानाने नाही, पाठीने ऐकत होते.

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला आणि ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, “हे आमच्या गाडीत बसव.”

मी आयुष्यात इतका जीव लावून एकही काम केलं नाही. एरवी आम्ही वूफरच्या पेटीखाली रबर घालतो, पत्र्याच्या आत गादी भरतो, गाडीचा एक खिळाही खडखडू नये म्हणून जिवाचं रान करतो. इथे सगळं उलटं करायचं होतं. मी पेटी डिक्कीत न ठेवता काकांच्या सीटच्या मागे ठेवली, रबर काढून टाकलं आणि लोखंडी पट्ट्यांनी ती थेट सीटच्या सांगाड्याला बोल्टने जखडली. वूफरने हवा हलवली की सीट हललीच पाहिजे. जुन्या बॅटरीच्या जागी नवी दमदार बॅटरी घातली, नाहीतर प्रत्येक ठेक्याला हेडलाईट डोळे मिचकावायला लागले असते.

काम झालं. काका सीटवर बसले. मी गेन कमी ठेवून, आकडा बारावर ठेवून तबल्याची एक कॅसेट लावली. आमची दोघांची नजर त्यांच्या बोटांवर.

बोटं हलली नाहीत. काकांनी सीटच्या पाठीला हात लावून बघितलं, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले. मी काकूंना समजावलं की वूफर नवा आहे, ताठ आहे, आधी मोकळा होऊ दे. काकूंनी ते काकांच्या कानाशी जाऊन सावकाश सांगितलं, तसा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“नवी पुडी!” ते मोठ्याने म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमी मोठ्यानेच बोलायचे. “डग्ग्यावर नवं चामडं मढवलं, नवी पुडी घातली की असंच असतं. आधी हलक्या हाताने वाजवायचं. घाई केली की पुडी बिघडते. मला माहीत आहे हे!”

माझा नियम इतक्या वर्षांत एका माणसाला मनापासून पटला होता. त्या आनंदात मी काकूंना बजावलं, “मी सांगेपर्यंत बाराच्या वर नाही.”

काकू म्हणाल्या, “बरं.”

आता गंमत बघा. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला असं सांगितलं की ते दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरपाशी हजर असतं. “अंकल, अब बढा दो.” त्यामुळे गिऱ्हाइकाला बोलवायची सवय मला कधी लागलीच नाही. पंधरवडा झाला, महिना झाला, साळवे आले नाहीत. मला वाटलं, सगळं छान चाललं असणार, काकूंनी स्वतःच वाढवला असेल आवाज. लग्नसराई सुरू झाली होती, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

जानेवारीत संक्रांतीला आमचं मंडळ पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी जातं. त्या लढाईची आठवण म्हणून दिल्लीची मराठी माणसं थंडी-धुक्यात पहाटे निघून तिथे जमतात, फुलं वाहतात आणि मग एकमेकांना तिळगूळ देतात. मी मंडळाच्या बसने गेलो होतो. साळवे दांपत्य गाडीने आलं होतं. काकूंनी मला तिळाची वडी दिली तेव्हा मी विचारलं, “मग, वूफर कसा वाजतोय?”

“हळूच वाजवतोय.”

“अजून?”

“तू म्हणाला होतास ना, मी सांगेपर्यंत बाराच्या वर नाही. तू सांगितलंच नाहीस.”

मी कपाळाला हात लावला. “अहो काकू, एक फोन करायचा!”

“तू कामात असशील. लग्नाचे दिवस. उगाच कशाला त्रास द्यायचा?”

ज्या शहरात वाढवू नका म्हटलेला आवाज लोक पहिल्या सिग्नललाच वाढवत होते, तिथे एक मराठी सेक्शन ऑफिसर पुढचा आदेश येईपर्यंत जुना आदेश पाळत बसली होती. थंडीचे अडीच-तीन महिने! हसावं की डोकं आपटावं ते मला कळेना.

मग काकूंचा आवाज खाली आला. “रोज संध्याकाळी आम्ही गाडीत बसतो. ह्यांना विचारलं की म्हणतात, हो, जाणवतंय थोडं थोडं. पण बोटं हलत नाहीत रे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. आता तर म्हणायला लागलेत, तबला-डग्गा आपल्या मराठी शाळेला देऊन टाकू, मुलं तरी वाजवतील.”

“कधी देणार आहेत?”

“परवा. मी शाळेत सांगून ठेवलंय.”

माझं हसू पार विरलं. पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, माझ्या खिशात असतोच, देवदर्शनालाही असतो. पण ती जागा आवाज करायची नव्हती, तिथे माना खाली घालून उभं राहायचं असतं. मंडळाची बस पुढे जाऊ दिली आणि मी साळव्यांच्या गाडीत बसलो. जी. टी. रोडला लागल्यावर एका ढाब्याच्या प्रशस्त अंगणात, ट्रकांच्या रांगेपलीकडे काकूंनी गाडी उभी केली. धुकं विरून छान ऊन पडलं होतं.

“इंजिन चालू ठेवा,” मी म्हणालो. मोठ्या आवाजाला नुसत्या बॅटरीचा दम पुरत नाही. मी मागच्या सीटवरून वाकून वूफरचा कोन दोन्ही हातांनी हलकेच दाबून पाहिला. लोण्यासारखा आत गेला आणि बाहेर आला. एवढ्या सबुरीने मोकळा केलेला वूफर मी आयुष्यात बघितला नव्हता. गेनचा स्क्रू मी जिथे असायला हवा तिथपर्यंत फिरवला.

“कुठली कॅसेट आहे?”

काकूंनी पर्समधून एक कॅसेट काढली. मंडळाच्या गणपतीतलं जुनं रेकॉर्डिंग होतं, काकूंचा अभंग आणि काकांची साथ. “ही अजून लावली नव्हती,” त्या म्हणाल्या. “हळू आवाजात लावायचा धीर झाला नाही.”

“आता लावा. आणि बाराच्या वर न्या. मी सांगतोय.”

काकू बारा, तेरा, चौदा अशा एकेक आकड्याने चढत होत्या. अठराला आधी पेटी आली, मग तरुण काकूंचा आवाज, आणि मग डग्गा. माझ्या बुटाखाली गाडीची जमीन घुमली. काका समोर ट्रककडे बघत बसले होते. ते एकदम ताठ झाले. त्यांनी सीटच्या दोन्ही कडा धरल्या.

“हा माझा हात आहे,” ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली.

“माझाच हात! हा घुमारा, ही मींड मीच काढायचो!”

उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. मग डावा हात पुढे झाला, डॅशबोर्डवर तळहाताची कड टेकली आणि काका वाजवू लागले. नुसते वाजवत नव्हते, जुन्या स्वतःच्या साथीला आता आणखी साथ करत होते, मध्येच एखादा बोल वेगळा घेऊन बघत होते. सीट पाठीतून ठेका देत होती आणि ते तो हातातून परत करत होते. सम आली की त्यांची मान बरोबर समेवर पडत होती. माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत.

कॅसेटमधलं कडवं संपून दुसरं सुरू झालं, तेव्हा मला गाडीत दोन आवाज ऐकू आले. काकू गात होत्या. सुरुवातीला घशात अडकत, मग स्टिअरिंगवर टाळी देत, मोकळ्या गळ्याने. काकांना ते ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी काकूंच्या ओठांकडे बघितलं आणि हसून लय किंचित वाढवली.

ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन जमा झाले. एक जण काचेशी वाकून ओरडला, “ओए, अंकलजी तो कमाल बजा रहे हैं!” दुसऱ्याने बॉनेटवर हात ठेवला, त्याला ठेका जाणवला, आणि तो तिथेच खांदे उडवायला लागला.

काका क्षणभर थांबले आणि काकूंना म्हणाले, “शाळेला सांग, डग्गा मिळणार नाही. पुडी सैल झाली असेल, घरी गेल्यावर नवी घालून घेऊ.” मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, “आणि मोहन, तुझं ते मशीन माझ्या बैठकीखाली पाटात बसवता येईल का रे?”

“येईल काका, का नाही येणार!” मी दोन्ही हातांनी खूण केली. त्या वर्षीच्या गणपतीत तो पाट आमच्या मंडपात होता, आणि काका त्याच्यावर होते.

पण त्या दिवशी ढाब्यावर अजून एक गोष्ट व्हायची होती. बाहेर गर्दी वाढली तसे काका संकोचले. सीट घुमत होती, डॅशबोर्ड थरथरत होता, आणि सभ्य मराठी माणसाला चार लोक बघताहेत म्हटल्यावर जे वाटतं ते त्यांना वाटलं.

“अगं, आवाज कमी कर जरा!” ते म्हणाले. “किती मोठा आहे! लोक काय म्हणतील?”

काकूंचं गाणं थांबलं. कित्येक वर्षं ज्या माणसाच्या तोंडून त्यांनी फक्त ‘मोठ्याने बोल, ऐकू येत नाही’ हेच ऐकलं होतं, तो माणूस आवाज कमी कर म्हणत होता. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि त्या अशा हसल्या की कपाळ स्टिअरिंगला टेकलं आणि हॉर्न वाजला.

“ऐकलंस ना मोहन, काय म्हणाले ते?” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “पण आता मी कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकणार नाही.”

आणि सगळे आदेश धाब्यावर बसवून साळवेकाकूंनी बटण आणखी पुढे फिरवलं.